मागे रांग होती

२२ जून १९८५, शनिवारची सकाळ. कॅनडात व्हँकुव्हरच्या विमानतळावर एक प्रवासी काउंटरपाशी उभा होता. तिकिटावर नाव एम. सिंग. टोरांटोपर्यंतची जागा पक्की, पण तिथून पुढे एअर इंडियाच्या विमानात मात्र वेटिंग. पुढची जागा पक्की नसेल तर सामान टोरांटोपर्यंतच घ्यायचं, असा नियम होता. त्याला सुटकेस थेट पुढच्या विमानात जायला हवी होती. काउंटरवरच्या बाई नाही म्हणाल्या. तो हट्टाला पेटला. जागा पक्की आहे, भावाने फोन करून विचारलंय, थांबा, त्यालाच बोलावून आणतो, असं सुरू झालं. मागे लांब रांग होती. अखेर बाईंनी सुटकेसला पुढचा टॅग लावून दिला आणि टोरांटोला उतरल्यावर एअर इंडियाकडे चौकशी करा, असं त्याला सांगितलं.

एम. सिंग विमानात बसलाच नाही. सुटकेस गेली. टोरांटोला एअर इंडियाचं सामान तपासणारं एक्स-रे यंत्र नेमकं त्याच दुपारी बंद पडलं आणि उरलेलं काम हातात धरायच्या एका उपकरणावर भागवलं गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, आयर्लंडच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रावर, ३१ हजार फुटांवर त्या सुटकेसमधल्या बॉम्बने एअर इंडियाचं ‘कनिष्क’ विमान फुटलं. लंडन, दिल्ली करत ते मुंबईला यायचं होतं. आतली ३२९ माणसं गेली. आयर्लंडमधल्या अहाकिस्ता नावाच्या लहानशा गावात समुद्राकाठी त्यांचं स्मारक आहे. तिथे एक सूर्यघड्याळ उभारलेलं आहे आणि दरवर्षी २३ जूनला सकाळी ८ वाजून १३ मिनिटांनी माणसं तिथे जमतात.

त्या बाईंना दोष देणं सोपं आहे, पण मला ते पटत नाही. बँकेत, रेशनच्या दुकानात, तिकीटखिडकीवर बसणाऱ्या कुणालाही विचारा. समोरचा अडून बसलाय, मागची माणसं घड्याळ बघताहेत, कुणीतरी मोठ्याने उसासा टाकतंय, अशा वेळी हात आपसूक सैल होतो. कनिष्कमागच्या खलिस्तानी कटाविषयी, कॅनडाच्या तपासयंत्रणांच्या ढिसाळपणाविषयी खूप लिहिलं गेलंय आणि ते लिहायलाच हवं होतं. मी इथे फक्त त्या रांगेकडे बोट दाखवतोय.

कारण विमानतळावरच्या रांगांविषयी आपण बोलतो ते तराजूच्या भाषेत. एका पारड्यात सुरक्षा, दुसऱ्यात प्रवाशाचा वेळ. एक वर गेलं की दुसरं खाली. म्हणून कुणी रांगेबद्दल तक्रार केली की त्याला लगेच गप्प केलं जातं, ‘तुमच्याच जिवासाठी आहे ना हे सगळं?’ हा तराजूच मला चुकीचा वाटतो. लांबलेली रांग ही सुरक्षेची किंमत असते असं आपण धरून चालतो, पण बरेचदा ती सुरक्षेतलं भोकच असते.

एक काळ असा होता की विमानात बसायला एसटीत बसण्याइतकीच खटपट लागायची. तिकीट दाखवा, चालत जा, चढा. १९६८ ते १९७२ या पाच वर्षांत एकट्या अमेरिकेत १३०हून जास्त विमानं पळवली गेली, तरी विमान कंपन्या प्रवाशांची झडती घ्यायला तयार नव्हत्या. गिऱ्हाईक बिथरेल ही भीती. नोव्हेंबर १९७२मध्ये तिघांनी एक विमान पळवलं आणि ते टेनेसीतल्या ओक रिजच्या अणुकेंद्रावर आदळवण्याची धमकी दिली, तेव्हा कुठे सरकार हललं. ५ जानेवारी १९७३पासून तिथे प्रत्येक प्रवाशाची आणि त्याच्या हातातल्या सामानाची तपासणी सुरू झाली. विमानं पळवण्याचे प्रकार झपाट्याने कमी झाले. तेव्हा तपासणीचा उपयोग होत नाही असं कुणी म्हणत असेल तर त्याच्याशी माझं पटणार नाही. आपल्याकडे ३० जानेवारी १९७१ला ‘गंगा’ नावाचं विमान श्रीनगरहून जम्मूला येताना लाहोरला पळवलं गेलं, ते खोटं पिस्तूल आणि लाकडाचा हातबॉम्ब दाखवून. दारात कुणी खिसे चाचपले असते तरी ते टळलं असतं.

पुढे एकेक घटना घडत गेली आणि एकेक थर चढत गेला. कनिष्कनंतर, प्रवासी बसला नसेल तर त्याचं सामानही जाऊ द्यायचं नाही, हा दंडक जगभर कडक झाला आणि आपल्याकडे नागरी विमान सुरक्षा ब्यूरो १ एप्रिल १९८७पासून स्वतंत्र खातं म्हणून उभा राहिला. काठमांडूहून निघालेलं आयसी-८१४ डिसेंबर १९९९मध्ये कंदाहारला नेलं गेलं, त्यानंतर विमानतळांची राखण राज्यांच्या पोलिसांकडून केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे, म्हणजे सीआयएसएफकडे जायला लागली. पहिला जयपूर, ३ फेब्रुवारी २०००ला. अमेरिकेत ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर दोनच महिन्यांत विमानतळांवरच्या तपासणीसाठी टीएसए ही सरकारी यंत्रणा जन्माला आली. डिसेंबर २००१मध्ये पॅरिसहून मायामीला निघालेल्या विमानात एकाने बुटात लपवलेलं स्फोटक पेटवायचा प्रयत्न केला. ऑगस्ट २००६मध्ये ब्रिटिश पोलिसांनी शीतपेयांच्या बाटल्यांतून द्रव स्फोटकं विमानांत न्यायचा कट उधळला. त्या ऑगस्टपासून लोणच्याची बरणी, तुपाचा डबा, चटणी हे सगळं आंतरराष्ट्रीय प्रवासात संशयित ठरलं. १०० मिलिलिटरच्या वर काही नाही. परदेशी लेकीकडे निघालेल्या किती आयांनी कैरीचं लोणचं तपासणीपाशीच्या टोपलीत टाकलं असेल! हा कट पकडला गेला तो महिनोन्महिन्यांच्या पाळतीमुळे, विमानतळावरच्या रांगेत नव्हे, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे.

थर चढतो तो घटनेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. उतरायला मात्र वर्षंच्या वर्षं जातात. अमेरिकेत सरसकट सगळ्यांना बूट काढायला लावणं २००६मध्ये सुरू झालं आणि जुलै २०२५मध्ये थांबलं. १९ वर्षं. मधल्या काळात यंत्रं सुधारली, बाकीच्या बहुतेक देशांत लोक बूट घालून जात होते, तरीही. याचं कारण माणसाच्या स्वभावात आहे. नियम काढणाऱ्या अधिकाऱ्याच्या डोक्यावर टांगती तलवार राहते, उद्या काही झालं तर नाव त्याचं. नियम ठेवणाऱ्याचं काही जात नाही. जातो तो प्रवाशाचा वेळ, आणि तो कुणाच्याच वहीत खर्च म्हणून मांडलेला नसतो.

आपल्याकडचं उदाहरण आठवून बघा. हँडबॅगेला कागदी टॅग लावायचा, एक्स-रेतून बॅग बाहेर आली की त्यावर शिक्का घ्यायचा आणि विमानात चढण्याआधी तो शिक्का तपासला जायचा. शिक्का राहिला तर उलट्या पावली परत. गेटवरून धापा टाकत परतणारी माणसं मी कितीतरी पाहिली आहेत. एकदा तर कडेवर मूल, खांद्याला पिशवी आणि हातात तो बिनशिक्क्याचा टॅग घेतलेली एक तरुण मुलगी रडवेली होऊन रांगेतल्या प्रत्येकाला ‘जाऊ द्या ना प्लीज’ म्हणत पुढे सरकत होती. २०१७मध्ये मुंबई, दिल्लीसह सात मोठ्या विमानतळांवर हा शिक्का बंद झाला, कॅमेऱ्यांवर भिस्त ठेवली गेली आणि मग हळूहळू तो इतरत्रही गेला. वर्षानुवर्षं तो शिक्का सुरक्षेचा भाग म्हणून मिरवत होता.

वेळ वहीत मांडायचाच म्हटला तर साधा हिशेब करता येतो. २०२४मध्ये देशांतर्गत विमानप्रवास केलेल्यांची संख्या सुमारे १६ कोटी १३ लाख होती. प्रत्येकाची फक्त १५ मिनिटं विनाकारण गेली असं धरा. वर्षाला चार कोटी तास होतात. दिवसरात्र मोजले तर सुमारे ४,६०० वर्षं. सत्तर वर्षांचं एक आयुष्य धरलं, तर दरवर्षी पासष्ट माणसांची अख्खी आयुष्यं. हे अंकगणित माझं आहे आणि त्याला कुणी भाबडं म्हणू शकेल, कारण पंधरा मिनिटांनी कुणी मरत नाही. पण रांगेच्या कंटाळ्याने माणसं खरोखर मरतात हे दाखवणारा अभ्यासही आहे. कॉर्नेल विद्यापीठाच्या तीन संशोधकांनी अमेरिकेतल्या ११ सप्टेंबरनंतरच्या प्रवासाचा अभ्यास केला. चेक-इन सामानाची तपासणी कडक झाल्यामुळे विमानप्रवासी सुमारे सहा टक्क्यांनी घटले आणि त्यातले बरेच जण मोटारीने जायला लागले, असा त्यांचा निष्कर्ष होता. रस्त्यावरचा प्रवास हा विमानापेक्षा कितीतरी पट धोक्याचा. मुंबई-पुणे रस्ता रोज पाहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. विमान सुरक्षित करण्याच्या नादात माणसांना रस्त्यावर लोटलं, तर त्या मृत्यूंची नोंद विमानतळाच्या खात्यात कधीच होत नाही.

आता जरा यंत्राच्या पलीकडे बसलेल्या माणसाकडे पाहू. ट्रे आत गेला की आपलं लक्ष पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला असतं. मधे बसलेला जवान पडदा बघत असतो. पडद्यावर आपली बॅग रंगांत उलगडते. कागद, कपडे, साबण, खाऊ असे सेंद्रिय पदार्थ नारिंगी. धातू निळे. या दोहोंच्या मधले पदार्थ हिरवे. लॅपटॉप वेगळा काढायला लावतात तो याचसाठी, त्याच्या तारा, बॅटरी आणि पट्ट्यांच्या गर्दीखाली दुसरं काहीही दडू शकतं. स्फोटकंही बहुतेक नारिंगीच दिसतात, म्हणजे त्याला दिवाळीच्या फराळाचा डबा आणि घातक पुडी यांतला फरक आकारावरून, दाटपणावरून, शेजारी तार आहे का यावरून काही सेकंदांत ओळखायचा असतो. शेकडो बॅगा. जवळजवळ सगळ्या निर्दोष.

अडचण नेमकी इथेच आहे. २००५मध्ये जेरेमी वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये एक प्रयोग मांडला. पडद्यावरच्या पसाऱ्यात एक ठरावीक वस्तू शोधायची. दर दोन चित्रांमागे एकात ती असेल तेव्हा लोक ती सुमारे सात टक्के वेळा चुकवत. शंभरात एकदाच असेल तेव्हा चुकवण्याचं प्रमाण तीस टक्क्यांवर गेलं. जे क्वचित दिसतं ते डोळा बघायचं सोडून देतो, कारण ‘इथे काही नाही’ असं म्हणायची हाताला सवय लागते. विमानतळावर तर खरं शस्त्र शंभरात सोडा, लाखातही एकदा येत नाही. म्हणून यंत्रंच अधूनमधून पडद्यावर पिस्तुलाचं किंवा बॉम्बचं खोटं चित्र घुसवतात आणि बघणारा जागा आहे का ते तपासतात. युरोपात एका माणसाने सलग २० मिनिटांपेक्षा जास्त वेळ पडदा बघायचा नाही असा नियम आहे. मग विसावा घ्यायचा. या नियमामागे त्या माणसाच्या आरामाइतकीच तुमच्या-माझ्या जिवाची काळजी आहे.

आणि आता त्या माणसामागे रांग उभी करा. पट्टा थांबला की लोक चुळबुळतात, वरिष्ठ ‘जल्दी करो’ म्हणतात, कुणीतरी बोर्डिंग बंद होतंय म्हणून ओरडतो. प्रत्येक बॅगेवरचे दोन सेकंद कमी होतात. व्हँकुव्हरच्या काउंटरवर जे झालं तेच इथे, फक्त हळूहळू आणि कुणाच्या लक्षात न येता.

अमेरिकेने हा चटका २०१५-१६मध्ये सोसला. त्यांच्या सरकारच्याच तपासनिसांनी गुपचूप खोटी शस्त्रं आणि खोटी स्फोटकं घेऊन तपासणीतून जायचे ७० प्रयत्न केले. ६७ वेळा ते पार झाले. ही बातमी फुटल्यावर टीएसएच्या प्रमुखांना हलवलं गेलं आणि तपासणी सावकाश, काटेकोर करायचं फर्मान निघालं. हे ठीकच. पण आधीच्या काही वर्षांत टीएसएच्या तपासणी कर्मचाऱ्यांची संख्या घटत गेली होती. आगाऊ नोंदणी आणि चौकशी करून घेतलेल्या प्रवाशांसाठी २०११पासून ‘प्रीचेक’ नावाची वेगळी, झटपट रांग होती. तिच्यात भरपूर लोक येतील, मग माणसं कमी लागतील, असा होरा होता. लोक तेवढे आले नाहीत. माणसं कमी, काम जास्त, त्यात प्रवाशांची संख्या चढती. मे २०१६मध्ये शिकागोच्या ओहेअर विमानतळावर रांगा इतक्या लांबल्या की शेकडो माणसांची विमानं चुकली आणि त्यातल्या काहींना तिथेच खाटा टाकून रात्र काढावी लागली.

मला या प्रकरणात सर्वांत जास्त अस्वस्थ करते ती एक गोष्ट. रांगा तुंबल्या त्याच्या दोनच महिने आधी, २२ मार्च २०१६ला, ब्रसेल्सच्या विमानतळावर बॉम्ब फुटले होते, आणि ते विमानात फुटले नव्हते. चेक-इनच्या दालनात, तपासणीच्या अलीकडे, ट्रॉल्या घेऊन उभ्या असलेल्या माणसांत फुटले. जूनमध्ये इस्तंबूलच्या अतातुर्क विमानतळावर तेच. त्याआधी २०११मध्ये मॉस्कोच्या दोमोदेदोवोला, घ्यायला आलेल्या माणसांच्या गर्दीत. डिसेंबर १९८५मध्ये रोम आणि व्हिएन्ना या दोन्ही विमानतळांवर एकाच सकाळी काउंटरांपुढच्या माणसांवर गोळीबार झाला होता. मारणाऱ्याला विमानच हवं असतं असं नाही. त्याला एका जागी खिळलेली माणसं हवी असतात. आणि आपण विमान वाचवायला म्हणून नेमकी तीच जमवतो. न तपासलेली, सामानासकट, हलू न शकणारी शेकडो माणसं. मग उपाय म्हणून दारातच तपासणी बसवली जाते आणि रांग काचेच्या आतून काचेच्या बाहेर, रस्त्यावर येते.

लॉस एंजेलिसच्या विमानतळासाठी २००४मध्ये रँड या संस्थेने हल्ल्यांच्या शक्यतांचा अभ्यास केला. त्यातला एक ठळक सल्ला साधा होता. काउंटरवर आणि तपासणीला माणसं वाढवा, म्हणजे बाहेरची गर्दी विरळ होईल आणि बॉम्ब फुटलाच तरी कमी माणसं मरतील. रांग कमी करणं हाच सुरक्षेचा उपाय म्हणून तिथे मांडलेला आहे. हे वाचलं तेव्हा मला वाटलं, इतकी वर्षं आपण चुकीच्या खिडकीवर भांडत होतो.

रांग नेमकी का फुगते याचं शास्त्र शंभराहून जास्त वर्षांचं आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या आग्नर एर्लांग या गणितज्ञाने १९०९मध्ये त्याचा पाया घातला. किती लोकांना किती तारा पुरतील, हा त्याचा प्रश्न. त्या शास्त्रातलं एक सूत्र इतकं सोपं आहे की जॉन लिटल यांनी ते १९६१मध्ये सिद्ध केलं तेव्हा लोकांना नवल वाटलं असेल, यात सिद्ध करायचं काय. रांगेत उभी माणसं म्हणजे तासाला येणारी माणसं गुणिले प्रत्येकाला लागणारा वेळ. तासाला १,८०० प्रवासी येत असतील आणि प्रत्येकाला २० मिनिटं थांबावं लागत असेल, तर कुठल्याही क्षणी ६०० माणसं उभी असतात. थांबणं पाच मिनिटांवर आणा, १५० उरतात. वेळ आणि धोका एकाच आकड्याच्या दोन बाजू आहेत, हे यापेक्षा स्पष्ट कसं सांगायचं?

दुसरी गोष्ट मात्र चटकन पटत नाही. एक खिडकी आहे आणि माणसं आपल्या मर्जीने, आगेमागे येताहेत. खिडकी निम्मा वेळ कामात असेल तर रांगेत आणि खिडकीवर मिळून सरासरी एक माणूस असतो. ८० टक्के वेळ कामात असेल तर चार. ९० टक्के, नऊ. ९५ टक्के, एकोणीस. म्हणजे शेवटच्या पाच-दहा टक्क्यांत सगळा खेळ आहे. हिशेबतपासनीस म्हणतो, यंत्र ९५ टक्के वापरात आहे, वा, पैसा वसूल. रांगेच्या शास्त्राला माहीत असतं की आता एखाद्याच्या बॅगेत विसरलेली कात्री निघाली तरी सगळं कोलमडेल. खिडकीवर थोडा रिकामा वेळ असणं ही उधळपट्टी नसते. आमच्या घरी पाहुणे येणार असले की आजी दोन भाकऱ्या जास्त थापायची, त्यातलंच हे.

आणि सरासरीपेक्षा जास्त छळतो तो बेभरवसा. एरवी दहा मिनिटं, पण कधीतरी दीड तास लागत असेल, तर प्रत्येक जण दीड तासाच्या तयारीनेच निघतो. पहाटे सहाच्या विमानासाठी पुण्याच्या वेशीबाहेर राहणारा माणूस रात्री अडीचला उठतो. सगळेच लवकर येतात आणि म्हणून दारात गर्दी आणखी वाढते. डिसेंबर २०२२मध्ये दिल्लीच्या टर्मिनल ३वर हेच झालं. कोविडनंतर प्रवास उसळला होता, पहाटेची विमानं एकावर एक रचलेली होती, दारातल्या आणि तपासणीच्या रांगा एकमेकींत मिसळत होत्या. एका विमान कंपनीने तर देशांतर्गत प्रवाशांना साडेतीन तास आधी यायला सांगितलं. दिल्ली-मुंबई उड्डाण सव्वादोन तासांचं आहे. केंद्रीय मंत्री स्वतः जाऊन पाहून आले, मग दारं वाढली, एक्स-रे यंत्रं वाढली, सीआयएसएफचे जवान वाढले, गर्दीच्या तासांतली उड्डाणं कमी करायचं ठरलं. रांगा ओसरल्या. म्हणजे उपाय सगळ्यांना ठाऊक होते. समाजमाध्यमांवर फोटो फिरेपर्यंत ते करायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं.

त्याच महिन्यात, १ डिसेंबरला, डिजियात्रा सुरू झाली. चेहरा दाखवा, दार उघडेल. पुणे, मुंबईलाही ती पुढच्या वर्षी आली. दारातली ओळखपत्राची रांग तिने खरंच हलकी केली. चेहऱ्याच्या नोंदीचं काय होतं याविषयी प्रवाशाला नीट सांगून, विचारूनच ती वापरली पाहिजे, हे माझं ठाम मत. पण तिच्याकडून अपेक्षा ठेवताना एक लक्षात घ्यावं. दार पटकन उघडलं म्हणून आतली तपासणी वेगात होत नाही. बाटलीची अरुंद मान पुढे आहे. पंढरपूरला पदस्पर्शाची दर्शनबारी किती सरकणार हे गाभारा ठरवतो, बाहेरचा मंडप कितीही मोठा बांधला तरी. म्हणून तर तिथे नुसतं मुखदर्शन हवं असणाऱ्यांची रांग वेगळी केली. ज्याचं काम थोडं, त्याला लांबच्या रांगेत अडकवायचं नाही. नेहमी येणारा, फक्त लॅपटॉपची पिशवी घेऊन आलेला प्रवासी आणि दोन लेकरं, बाबागाडी, दुधाची बाटली घेऊन आलेलं कुटुंब यांना एकाच पट्ट्यावर लावण्यात दोघांचीही फरफट आहे.

आपल्या गाभाऱ्याचं आणखी एक वैशिष्ट्य आहे. युरोप-अमेरिकेत धातुशोधक चौकटीतून जाताना बीप झालं किंवा स्कॅनरने खूण दाखवली तरच सहसा अंग चाचपतात. आपल्याकडे चौकट मुकी राहिली तरी प्रत्येकाची हाताने झडती होते. बॅगेसाठी आता एका वेळी चार-पाच जणांना ट्रे भरता येतील असे लांब पट्टे आणि ट्रे आपोआप परत आणणारी यंत्रं मोठ्या विमानतळांवर आली आहेत. सीटी स्कॅनर बॅगेला चहूबाजूंनी बघतात, त्यामुळे लॅपटॉप काढायची गरज उरत नाही. अशाच यंत्रांमुळे एडिनबरोसारख्या विमानतळावर आता दोन लिटरची बाटलीही नेता येते. पण बॅग धावली तरी माणूस झडतीपाशी थांबतो. अंग तपासणारे स्कॅनर आपल्याकडे सगळीकडे लवकर आले तर सर्वांत जास्त फरक पडेल, असं मला वाटतं, आणि सर्वांत जास्त फायदा बायकांचा होईल.

मागच्या हिवाळ्यात एका विमानतळावर मी तपासणीच्या पलीकडे बूट बांधत बसलो होतो. पहाटेचे साडेचार. पुरुषांच्या तीन चौकटी चालू होत्या, लोक भराभर बाहेर पडत होते. बायकांसाठी पडद्याच्या दोन खोल्या होत्या, त्यातली एक बंद. दुसरीत एकच महिला जवान. बाहेर पंचवीस-तीस जणींची रांग. नऊवारीतल्या एक आजी आत गेल्या तेव्हा पडद्याखालून फक्त त्यांची पावलं आणि जवानाचे बूट दिसत होते. ‘माताजी, हाथ ऊपर.’ बांगड्यांमुळे हातातलं यंत्र वाजत राहिलं. एकदा, दोनदा, पुन्हा. ती जवान आजींचे हात आपल्या हातात धरून एकेक बांगडी वर सरकवत तपासत होती. कसलीही घाई न करता. बाहेरून कुणीतरी ‘अहो, किती वेळ?’ म्हणालं, तरी तिने मान वर केली नाही. आजींचं सामान मात्र केव्हाच पट्ट्यावरून बाहेर येऊन बेवारस पडलं होतं आणि त्यांचे यजमान ट्रेपाशी उभे राहून पडद्याकडे बघत होते.

दहा-बारा मिनिटांनी दुसरी महिला जवान आली. केस नुकतेच बांधलेले, हातात टोपी. तिने बंद खोलीचा पडदा बाजूला केला, हातातलं यंत्र चालू करून आपल्याच बक्कलवर एकदा टेकवून पाहिलं आणि रांगेला हात केला. मी बूट बांधून, पाणी पिऊन गेटकडे निघेपर्यंत तिथे चारच बायका उरल्या होत्या.